लॉफ्टनबाईंचे दोन पियानो

“हा इंग्लिश पियानो आहे, एवढंच लिहून द्या. अर्ध्या तासाचं काम,” वकीलसाहेब म्हणाले आणि कूलरसमोर खुर्ची ओढून बसले.

मी अजून पिशवीतून पेचकस काढला नव्हता. सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्यात मी पहिल्यांदाच आलो होतो. हॉलमध्ये पियानो, पियानोभोवती तीन माणसं, आणि तिघंही माझ्याकडे अशी पाहत होती जशी लग्नात उशिरा आलेल्या भटजीकडे पाहतात.

आधी माझं सांगतो. मी मनोहर, पियानो ट्यूनर. सत्तरच्या दशकात नागपुरात हा धंदा करणारा मी जवळजवळ एकटाच होतो, आणि त्यावर पोट भरत नसल्यामुळे हार्मोनियमही दुरुस्त करायचो. सदर भागात दुकान. कॉन्व्हेंट शाळा, दोन-तीन चर्च, रेल्वेचं इन्स्टिट्यूट, एक क्लब आणि काही जुनी अँग्लो-इंडियन घरं, एवढी माझी गिऱ्हाइकं. काम कलकत्त्याला शिकलो. माझे उस्ताद डिसूझा म्हणायचे, पियानो म्हणजे बारा हजार तुकडे एका पेटीत भरून ठेवलेलं भांडण. सूर लावणं म्हणजे फक्त तात्पुरता समझोता.

त्या घरात तर पेटीबाहेरही भांडण होतं.

बंगला मिस लॉफ्टन यांचा. रेल्वेतल्या एका बड्या साहेबाची मुलगी. जन्म नागपूरचा, लग्न केलं नाही, आयुष्यभर पियानो शिकवला आणि मी तिथे गेलो त्याच वर्षी वारल्या. मृत्युपत्रात पियानोबद्दल फक्त एक वाक्य होतं: इंग्लिश पियानो माझ्या भाच्याला, जर्मन पियानो निर्मलाला.

भाचा म्हणजे भावाचा मुलगा, रॉनी लॉफ्टन. बंगळूरहून आलेला, टेलिफोनमध्ये नोकरी, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा. निर्मला म्हणजे शांताबाईंची मुलगी, आणि शांताबाई म्हणजे मिस लॉफ्टनच्या घरी तरुणपणापासून काम करणाऱ्या आया. निर्मला त्या घरात मिसबाईंच्या मांडीवर पियानो शिकली. आता एका प्राथमिक शाळेत शिकवत होती. शाळेतल्या सकाळच्या प्रार्थनेला साथ तिचीच.

घरात पियानो दोन होते. हॉलमधला उंच, काळा, चमकदार; त्याच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘हेन्री ॲशकोम्ब, लंडन’. दुसरा मागच्या व्हरांड्यात, मेणकापडाखाली. बुटका, पापुद्रे निघालेला, त्याच्यावर कुंड्या ठेवायचे. त्याच्यावर नाव कुठेच नव्हतं.

म्हणजे हिशेब सरळ. लंडनवाला रॉनीचा, कुंड्यावाला निर्मलाचा.

“मग मला बोलावलं काहून?” मी वकीलसाहेबांना विचारलं.

“ही पोरगी अडून बसली आहे ना! म्हणते, मिसबाईंनी मला हॉलमधला देईन म्हणून सांगितलं होतं. आता तोंडी सांगितलेलं कोर्टात काय कामाचं? नाव लंडनचं, मृत्युपत्रात इंग्लिश. पण मी म्हटलं, जाणकाराचं एक सर्टिफिकेट असू दे. उद्या कटकट नको.”

रॉनीनं खांदे उडवले. “मॅन, मुझे झगडा नहीं चाहिए. लेकिन यह मेरे ग्रँडफादर का पियानो है. नाम पढ़ लो, बस.”

मी सामान काढायला व्हरांड्याच्या दारापाशी गेलो तेव्हा निर्मला मागून आली.

“भाऊ, हॉलमधला मलाच मिळावा असं नाही. पण मिस खोटं बोलत नव्हत्या. आणि इथं सगळे म्हणून राहिले, आयाच्या पोरीनं मेमसाहेबाच्या वस्तूवर डोळा ठेवला. जे खरं असेल ते लिहा. माझ्या विरुद्ध असलं तरी चालेल. पण पाहून लिहा.”

पाहून लिहा. माझ्या धंद्यात याहून वाजवी मागणी कोणी केली नव्हती.

तर पाहायला लागलो.

सामान्य माणूस पियानोवरचं नाव वाचतो आणि विषय संपवतो. पण झाकणावरचं नाव नेहमी बनवणाऱ्याचंच असतं असं नाही. पुष्कळदा ते विकणाऱ्या दुकानाचं असतं. शिवाय झाकण हा चार स्क्रूंनी निघणारा भाग. शर्टाच्या कॉलरवर शिंप्याचं लेबल असतं, तसं. लेबल बदलता येतं.

मी ते नाव जवळून पाहिलं आणि मला हसू आलं. अक्षरं जाड, सोनेरी, प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला काळी सावली. पियानोवर इतकी ठसठशीत अक्षरं कोणी लिहीत नाही. पण मी ती कुठे तरी नेहमी पाहत होतो. कुठे, ते आठवेना.

“काय झालं?” वकील.

“काही नाही. सुंदर हात आहे पेंटरचा.”

झाकण काढलं. बाकी पेटीला वरून काळं पॉलिश आणि खाली कुठलंसं परदेशी हलकं लाकूड. झाकण मात्र जड. कडेला नखानं खरवडलं तर आत सागवान. बिजागरीच्या शेजारी जुन्या बिजागरीची भोकं, लाखेनं बुजवलेली.

“हे झाकण या पियानोचं नाही,” मी म्हटलं. “नंतर करून बसवलं आहे. आपल्याकडेच.”

“तुटलं असेल, बदललं असेल,” रॉनी म्हणाला. “सो व्हॉट?”

बरोबर होतं त्याचं. झाकण बदललं म्हणजे देश बदलला असं होत नाही.

मग पुढची मोठी फळी उतरवली. आतल्या तारा दिसल्या आणि मी शीळ घातली. पियानोत तारा बसवायच्या दोन पद्धती. एक, सगळ्या तारा सरळ उभ्या, झाडूच्या काड्यांसारख्या. दुसरी, खर्जाच्या जाड तारा तिरप्या आणि बाकीच्यांवरून आडव्या गेलेल्या. त्यानं तारेला लांबी मिळते, आवाज भरदार होतो. त्या काळात जर्मन कारखाने बहुतेक तिरप्या तारांचे, इंग्रज बराच काळ सरळ तारांना चिकटून होते. या पियानोच्या तारा तिरप्या होत्या.

वकीलसाहेब उठून बघायला आले. “म्हणजे जर्मन?”

“म्हणजे संशय. काही इंग्रज कारखानेही असं करायचे.”

“मनोहरराव, तुम्ही माझ्यापेक्षा वाईट वकील आहात. एक वाक्य धड सांगत नाही.”

लोखंडी चौकटीवर ठोकलेला एक नंबर सापडला. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी लगेच विझवले. नंबरावरून वय कळतं, पण आधी कारखाना कळायला हवा. नुसता नंबर म्हणजे गावाशिवायचा घर क्रमांक.

मग म्हटलं, मागची बाजू बघू. पियानो भिंतीपासून ओढायला चार माणसं लागतात. आम्ही तीन पुरुष, त्यातले वकीलसाहेब फक्त “हां, हां, जोर लगा के” म्हणायला. निर्मलानं पदर खोचला आणि चौथा कोपरा धरला. रॉनी तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानंही कोट काढला.

मागच्या खांबांवर धूळ, कोळिष्टकं आणि वाळवीचे जुने रस्ते. मी फडक्यानं पुसलं. एका खांबावर काळ्या शाईचा ठसा, जहाजावर माल चढवताना मारतात तसला. पुसट होता. शेवटी ‘कलकत्ता’ स्पष्ट, आणि त्याच्याआधी एका गावाचं नाव, ज्याचं फक्त शेपूट उरलं होतं: बी, यू, आर, जी.

“हँबुर्ग!” मी ओरडलोच. “हे जर्मनीचं बंदर. इथून कलकत्त्याला आला.”

रॉनी खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उठून म्हणाला, “एडिंबरो.”

“काय?”

“एडिंबरो का स्पेलिंग भी वही है. बी, यू, आर, जी, एच. एच कीड़ा खा गया.”

मी परत पाहिलं. जी-नंतर खरोखरच वाळवीनं एक अक्षर मावेल एवढा खड्डा केला होता. एडिंबरो स्कॉटलंडचं, इंग्लंडचं नव्हे, असं मी म्हणून पाहिलं. वकीलसाहेब मात्र खूश झाले होते. “वाळवीनं साक्षीदार खाल्ला! तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे पाहिलं नव्हतं.”

शांताबाई तेवढ्यात सगळ्यांना लिंबूपाणी घेऊन आल्या. त्यांनी खांबाकडे, आमच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

“अवं निर्मला, काहून भांडून राहिल्या तुम्ही लोक या डब्यासाठी? आपल्या घरी तं हा मावणार बी नाई. मंग झोपावं कुठं आपन?”

“आई, तू थांब ना.”

“मी कुठं काय म्हणून राहिली? मेमसाब असती तं एका शब्दात सांगती. आता हे चार जण चार दिशेले ओढून राहिले.”

लिंबूपाणी पिता पिता मी लोखंडी चौकटीकडे बघत बसलो. पियानोची चौकट साच्यात ओततात, आणि ओततानाच तिच्यावर कारखान्याचं नाव उठावात येतं. झाकण बदलता येतं, फळी बदलता येते. चौकट बदलणं म्हणजे नवा पियानो करणं. आणि या चौकटीवर, बरोबर मधोमध, जिथे नाव असतं तिथे, गुळगुळीत पट्टा होता. वरून सोनेरी रंगाचे थर. बाकी चौकटीवर एक हात, तिथे चार-पाच.

“इथं काही तरी झाकलं आहे,” मी म्हटलं. “रंग काढून बघावं लागेल.”

रॉनी चटकन पुढे आला. “नो, नो. मेरे पियानो को स्क्रॅच नहीं करना.”

“तुमचा आहे की नाही हेच तर बघायचं आहे,” वकील म्हणाले.

“और अंदर कुछ नहीं निकला तो?”

खरं सांगतो, ही भीती मलाही होती. रंगाखाली नुसतं लोखंड निघालं असतं, तर निर्मलाची बाजू तिथेच संपली असती, आणि एक चांगला पियानो मी डागाळला म्हणून शहरभर झालं असतं. इतक्या कमी गिऱ्हाइकांच्या धंद्यात ते परवडत नाही. मी निर्मलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

“काढा,” ती म्हणाली. “काही नाही निघालं तर मी आजच सही करून देते. मग माझं काही म्हणणं नाही.”

रॉनी खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

थिनर, फडकं, आणि धीर. खरवडायचं नाही, भिजवायचं आणि पुसायचं. पहिला थर गेला, दुसरा गेला, बाकीचेही गेले. मग राखाडी लांबी लागली, सुतार भेगा बुजवायला वापरतात तसली. मी फडक्यावर आणखी थिनर ओतलं, कारण सपाट लोखंडावर लांबी कोणी भरत नाही. लांबी खड्ड्यात भरतात, किंवा अक्षरांच्या मधल्या जागेत.

लांबी निघाली. अक्षरांची डोकी कानशीनं घासून सपाट केली होती, पण मुळं शिल्लक होती. मी खडूची पूड चोळली. पांढऱ्या पुडीत एकेक अक्षर उठायला लागलं. निर्मला माझ्या खांद्यावरून वाचत होती.

“जी... आर... ए... यू... ग्राउडेन. ग्राउडेन आणि पुढं... सोहने? भाऊ, ओ वर दोन ठिपके आहेत.”

“जर्मनमध्ये ‘आणि मुलगे’,” मी म्हटलं. “ग्राउडेन आणि मुलगे. खाली वाचा.”

“लाइपझिग.”

वकीलसाहेब चष्मा पुसून परत वाचायला आले. “एडिंबरोत ओ वर ठिपके देतात का हो, लॉफ्टनसाहेब?”

रॉनीनं वाकून ते दोन ठिपके स्वतः पाहिले.

या मेकरचा एक पियानो मी कलकत्त्याला उस्तादांबरोबर उघडला होता. उस्ताद सांगायचे, हा माल पहिल्या महायुद्धाच्या आधी काही वर्षं आपल्याकडे यायचा. युद्ध लागलं आणि जर्मन जहाजं बंद झाली. म्हणजे पियानो त्याच्याआधीचा. मिस लॉफ्टन तेव्हा शाळकरी मुलगी असणार.

आणि मग मला ती अक्षरं आठवली. जाड, सोनेरी, उजव्या अंगाला काळी सावली. जुन्या रेल्वेच्या डब्यांवर पहिला वर्ग, दुसरा वर्ग अशीच लिहिलेली असायची. इन्स्टिट्यूटकडे जाताना अजनीच्या यार्डात तसले दोन जुने डबे उभे असायचे.

“तुमचे आजोबा रेल्वेत कुठल्या खात्यात होते?” मी रॉनीला विचारलं.

“कॅरिज अँड वॅगन. क्यों?”

“मग झालं. युद्ध लागलं तेव्हा जर्मन नावाची वस्तू घरात ठेवणं साहेबलोकांना अडचणीचं झालं. कलकत्त्यात कित्येकांनी पियानोवरची नावं खोडून घेतली. तुमच्या आजोबांनी पियानो टाकला नाही. त्यांनी खात्यातल्या सुताराकडून सागवानी झाकण करून घेतलं, आणि डबे रंगवणाऱ्या पेंटरकडून लंडन लिहून घेतलं. हेन्री ॲशकोम्ब नावाचा पियानोवाला मी तरी कधी ऐकला नाही. बहुतेक तो नागपुरातच जन्मला.”

वकीलसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. शांताबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

रॉनी मात्र लाल झाला होता. “ठीक है. यह जर्मन है. लेकिन वह बाहरवाला? उस पर तो नाम ही नहीं. वह इंग्लिश है, प्रूव करो. नहीं तो विल में लिखा इंग्लिश पियानो है कहाँ?”

“मुद्दा बरोबर आहे,” वकील म्हणाले. “तोही उघडा.”

कुंड्या उतरवल्या, मेणकापड काढलं. व्हरांड्यात उन्हाची झळ येत होती. त्या बुटक्या पियानोची मला आधीपासूनच दया येत होती. उघडल्यावर आदर वाटला. तारा सरळ उभ्या. मागे पूर्ण लोखंडी चौकट नाही, लाकडाचीच रचना, वरून लोखंडाची एक पट्टी. सूर थांबवणारे डँपर हातोड्यांच्या वर, आणि त्यांना जोडणाऱ्या तारांची रांग पुढे, पोपटाच्या पिंजऱ्यासारखी. आम्ही त्याला पिंजराच म्हणतो. ही जुनी इंग्लिश घडण. समोरच्या फळीवर मेणबत्तीच्या दांड्यांची भोकं. आत हातोड्यांच्या पट्टीवर एक पितळी चकती, हिरवी पडलेली. घासली तर लंडनचा पत्ता. यावर कोणी हात फिरवला नव्हता. झाकायची गरजच पडली नव्हती.

“हा तुमचा,” मी रॉनीला म्हटलं. “हॉलमधल्यापेक्षा एक पिढी जुना. तुमच्या आजीच्या माहेरचाही असू शकेल.”

“बजेगा?”

“खरं सांगू? नाही. नागपूरच्या उन्हाळ्यानं खुंट्या सैल केल्या आहेत. तार ओढली तर संध्याकाळपर्यंत उतरणार.”

त्यानं एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि वर आलीच नाही. त्यानं दुसरी दाबली. तीही अडकली. तो कडवट हसला. “देखो. आंटी ने मुझे क्या दिया.”

पट्ट्या अडकतात म्हणजे खाली काही तरी पडलेलं असतं. पियानोच्या पोटात काय काय सापडतं हा वेगळाच विषय आहे: टाचण्या, पेन्सिली, उंदरांची घरं, एकदा तर कवळी. मी पट्ट्या उचलून बाजूला ठेवल्या. खाली धूळ होती, आणि धुळीत शिशाचे सैनिक. बोटाएवढे. लाल डगल्याचा रंग अजून थोडा थोडा टिकलेला. एक घोडेस्वार, एक ढोलवाला, बाकीचे पायदळ. एखाद्या पोरानं पट्ट्यांच्या फटीतून एकेक आत सरकवलेले.

मी ते ओंजळीत घेऊन रॉनीपुढे धरले. मला वाटलं, तो हसेल.

तो हसला नाही. त्यानं ढोलवाला उचलला, अंगठ्यानं पुसला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसला.

“मेरे डॅड के हैं,” तो म्हणाला. “वो बोलते थे, बचपन में उनकी पूरी फौज खो गई. बहन पर शक था. बी ने चुराई, बी ने चुराई. मरने तक मज़ाक में बोलते थे.” बी म्हणजे मिस बीट्रिस लॉफ्टन. “उन्होंने खुद ही डाला होगा. भूल गए.”

शांताबाई त्याच्याशेजारी पायरीवर टेकल्या. त्याला त्यांची बोली कितपत कळत होती कोण जाणे.

“लहान लेकरं असंच करतेत,” त्या म्हणाल्या. “हीनं बी एक डाव मेमसाबचा चष्मा टाकला होता त्या मोठ्या पेटीत. दिवसभर शोधून राहिलो आम्ही.”

रॉनीनं निर्मलाकडे पाहिलं. “सच?”

“मी चार वर्षांची होते,” निर्मला म्हणाली. “मिस चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आता पियानोला नीट दिसेल.”

तेव्हा तो हसला. मग उठला, हॉलमध्ये त्या काळ्या पियानोसमोर जाऊन उभा राहिला आणि निर्मलाला म्हणाला, “तुम बजाओ. आंटी जो सिखाती थी, कुछ भी.”

पुढची फळी काढलेली, झाकण जमिनीवर, चौकटीवर खडूची पूड. तशात ती वाजवायला बसली. कुठली धून होती ते मी सांगू शकत नाही, सोपी होती, लहान मुलांना शिकवतात तशी. सूर चार ठिकाणी उतरलेला होता आणि माझे कान दुखत होते. पण हात चांगला होता. धून संपल्यावर रॉनी तिला म्हणाला, “सॉरी, निर्मला.”

सर्टिफिकेट मी तिथेच लिहून दिलं. वकीलसाहेबांनी ‘अर्ध्या तासाचं काम’ हे शब्द पुन्हा उच्चारले नाहीत. बाहेर दिवेलागण झाली होती.

रॉनीनं तो बुटका पियानो मालगाडीनं बंगळूरला नेला. मी त्याला परत परत सांगितलं की हा वाजणार नाही. तो म्हणाला, “बजाना किसको आता है, मॅन?” सैनिक मात्र त्यानं मालगाडीत दिले नाहीत. रुमालात बांधून खिशात घातले.

काळा पियानो नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत शांताबाईंच्या घरी गेला. दारातून शिरेना, म्हणून खिडकीची चौकट काढावी लागली. अख्खी वस्ती बघायला जमली होती. शांताबाई कमरेवर हात ठेवून सगळ्या हमालांना सूचना देत होत्या, आणि शेजारणींना सांगत होत्या, “जर्मनीचा हाये. लंडनचा नाई. सर्टिफिकेट हाये आमच्याजवळ.” निर्मलानं मला विचारलं की जुनं झाकण लावायचं की नवं करायचं. मी म्हटलं, लावा तेच. पेंटरनं मेहनत घेतली आहे. पुढे त्याच पियानोवर तिनं संध्याकाळचा वर्ग सुरू केला. सूर लावायला मी वर्षातून दोनदा जायचो. जायच्या दिवशी शांताबाई पियानोसमोरची गादी गुंडाळून ठेवायच्या.

या प्रकरणानंतर माझी एक सवय झाली. वारसाहक्कानं आलेला पियानो तपासायला कोणी बोलावलं, की मी त्याचा मेकर कोण, किती जुना, हे आधी विचारत नाही. ते पियानो सांगतो. मी विचारतो, वारस किती? एकापेक्षा जास्त असले, तर जेवणाचा डबा बरोबर नेतो.